तिच्या आईवर डोळा

ती बाई पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, कुणाकडे तरी बाळ झालं असेल. पनवेलजवळ नावड्यात आमच्याकडे भर दुपारी कुणी घरंदाज बाई आली तर ती तेवढ्यासाठीच येते. बाळाला आशीर्वाद हवा असतो, नाहीतर नव्या दुकानावरून नारळ उतरवून हवा असतो. मी तोंडावर पाणी मारलं, पदर सारखा केला आणि बाहेर आले.

बाई पंचेचाळिशीची असेल. अंगावर अंगणवाडी सेविकेची साडी, हातात मिटलेली छत्री. तिच्यामागे एक पोरगं उभं होतं. पोरगं म्हणते, कारण तेव्हा ते मला तसंच दिसलं. ढगळ टी-शर्ट, खांद्याला टेकलेले केस, मान खाली. पण ती मान खाली घालायची तऱ्हा मी कुठल्याही गर्दीत ओळखली असती. माझ्या गावी, जासईच्या शाळेत मी तशीच उभी राहायचे.

"ताई, आत येऊ का?" बाईने विचारलं.

मला बायका मौसी म्हणतात. पुरुष काहीच म्हणत नाहीत, नुसते हात पुढे करून बाजूला व्हायला सांगतात. ताई म्हणणारी ही पहिलीच. मी चटई टाकली, चहा टाकला. तिने कप हातात घेतला आणि बोलता बोलता सगळा प्यायली. आमच्या घरचा चहा लोक घेतात, पण ओठाला लावून खाली ठेवतात. हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

"राग मानू नका," ती म्हणाली. "माझं मूल तुमच्यासारखं आहे. कॉलेज झालं, ऐरोलीला नोकरी लागली, तेव्हा मला सांगितलं. मला त्याला... तिला... तुमच्यात पाठवायचं नाही. घरातच ठेवायचंय. कसं ठेवायचं, ते विचारायला आले."

हे बोलताना तिने मागे न बघताच हात नेला आणि पोरीच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला. वाक्य मध्ये तोडलंसुद्धा नाही. आयुष्यभर ते करत आल्यासारखा हात गेला आणि परत आला.

'तुमच्यात पाठवायचं नाही' हे ऐकून मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण खरी आग लागली ती त्या पदरामुळे. पन्नाशी उलटलेली मी, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या त्या पोरीवर जळले.

मी मुद्दाम कडू बोलले. "बिल्डिंगवाले ठेवून घेतील?"

"त्यांचं मी बघते. त्यांची निम्मी पोरं माझ्या अंगणवाडीत शिकून गेलीत."

"हिचा बाप?"

"ते नाहीत. सहा-सात वर्षं झाली."

"आणि नातेवाईक? भावकी?"

बाईने कप खाली ठेवला. "आमचा मूळ गाव जालन्याकडे. माझ्या आजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. पाण्याची जागा वेगळी, वाट वेगळी. माझ्या आईने ते बघितलंय. आता मी माझ्या पोटच्या पोरीला बाहेर ठेवू? मला नाही जमणार ते."

तिने आवाज चढवला नाही. बाळाच्या लसीची तारीख सांगावी तसं सांगितलं. मी तिला सरकारी दवाखान्यातल्या एका चांगल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, मनाचे डॉक्टर आधी लागतात ते सांगितलं, गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नका म्हटलं. त्या दोघी गेल्या. मी दार लावलं. गल्लीत तळोज्याच्या कारखान्यांचा वास भरला होता. एरवी मी खिडकी लावून घेते. त्या दिवशी सुचलंच नाही.

माझी आई वाईट होती असं मी म्हणणार नाही. आमचं आगरी घर, थोडी भातशेती, थोडं मिठागर. बंदरासाठी जमिनी जायची बोलणी सुरू झाली होती आणि बापाचं डोकं कायम तापलेलं असायचं. थोरल्या भावाची हळद होती. आमच्याकडे हळदीला अख्खा गाव नाचतो. बेंजो लागला आणि मी आत्याचं लुगडं गुंडाळून मांडवात उतरले. सगळे हसत होते, शिट्या मारत होते. मला वाटलं, सगळ्यांना आवडलंय. मग कुणीतरी बापाच्या कानाशी लागलं. काय बोललं ते मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, पाहुणे अजून घरात असताना, बापाने मला मांडवाच्या बांबूने मारलं. आई चुलीपाशी होती. ती वडे तळत होती आणि तळतच राहिली.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिने फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून माझ्या हातात दिली. म्हणाली, "बापूस घरान हाय तवर येव नको."

या वाक्यावर मी किती वर्षं काढली. बाप नसेल तेव्हा ये, असाच त्याचा अर्थ होतो ना? मी तसाच लावला. पण बाप चिवट निघाला, आई आधी गेली. मला ते पनवेलच्या मच्छीबाजारात कळलं. आमच्या गावची एक म्हातारी कोलंबी विकायला बसते. मला ओळखून म्हणाली, "तुला कललं नाय? तुजी आईस गेली, गनपतीन." तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मी कोलंबीची पिशवी घेतली, घरी आले, निवडली, शिजवली, खाल्ली. रडू दुसऱ्या दिवशी आलं.

भावांची आता तीन मजली बिल्डिंग आहे. कंटेनर यार्डाचं भाडं येतं. आईचा फोटो हॉलमध्ये मोठा करून लावलाय, असं ऐकलं. मी पाहिलेला नाही.

तर असं सगळं पोटात असताना ती पोरगी दर रविवारी माझ्याकडे यायला लागली.

आता ती पंजाबी ड्रेस घालायची. कानात छोटे डूल. आवाज हळू, बोलणं चटचटीत, अर्धं इंग्रजी. मला मावशी म्हणायची. तिच्या ऑफिसात दर वर्षी आमच्यासारख्यांसाठी कार्यक्रम होतो, त्यात तिला एकदा बोलायचं होतं. "मावशी, मला आपली हिस्टरी सांगा ना. नेटवर जे आहे ते सगळं दिल्लीचं नाहीतर लखनौचं. आपल्याकडचं काय?"

'आपली' म्हणाली. तेही मला टोचलं. हिला सगळंच हवं होतं. घर पण, आई पण, ऑफिस पण, आणि वर आमचा इतिहास पण.

तरी मी सांगितलं. कारण विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. माझी शेवटची चेली सुरतेला निघून गेली, त्यानंतर खोलीत मी एकटीच. मला जे माहीत होतं ते माझ्या गुरूकडून आलेलं. घर सोडल्यावर मी तुर्भ्याला खाणींच्या बाजूला जिच्या झोपडीत पोचले, ती माझी गुरू. सोलापूरकडची. दिवा लागला की आम्हा चेल्यांना समोर बसवायची आणि पान लावता लावता जुनं सांगायची.

ती सांगायची की राजांच्या काळात आपल्या घराण्याला गावागावांवर हक्क होता. सुगी झाली की गावाने दाणा द्यायचा आणि वर पैसा द्यायचा. हा वतनासारखा बांधून दिलेला हक्क होता, त्याला कुणी भीक म्हणत नव्हतं. मग इंग्रज आले. त्यांना हे लोक आणि हे हक्क काही समजेना. त्यांनी हळूहळू ते बंद केले. उत्तरेकडे तर त्यांनी कायदा केला. आपली नावं पोलिसांच्या दप्तरी, बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसलं की तुरुंग. इंग्रज गेले, कायदे गेले, पण धाक तसाच राहिला. गुरूची गुरू म्हातारपणापर्यंत धोतर नेसून बाजारात जायची. घरी आली, दाराला कडी घातली, की मग साडी नेसायची, बांगड्या भरायची. सकाळी उठून पुन्हा सगळं उतरवायचं.

पोरगी मोबाईल पुढे ठेवून ऐकत होती. "मग तुमच्या गुरू साडी नेसून बाहेर जायच्या?"

"जायची. तिच्या वेळेला लोक दगड मारायचे, पण पकडून न्यायचे नाहीत."

"आणि त्यांच्या गुरूंना छान वाटलं असेल ना, की आपली चेली तरी..."

मी हसले. कारण त्यावर माझ्याकडे एक खरी गोष्ट होती. सुप्रीम कोर्टाने आम्हाला वेगळं लिंग म्हणून मानलं, त्या दिवशी आमच्या गल्लीत ढोलकी काढली होती. पेढे वाटले. मीसुद्धा पाय दुखेपर्यंत नाचले. गुरू तेव्हा फार थकली होती. टीव्हीसमोर बसली होती, ती उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "मी पहिल्यांदा दिवसाढवळ्या साडी नेसून बाजारातून आले, तेव्हा माझी गुरू कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटायचं, माझं काय चुकलं? आता कळलं. तुम्ही नाचा. माझ्याकडे बघू नका."

मला त्या दिवशी गुरूचा राग आला होता. म्हटलं, एवढा चांगला दिवस आणि ही तोंड पाडून बसली. आता ही पोरगी कंपनीचं नवं कार्ड मला दाखवायला गळ्यात घालून माझ्या चटईवर बसली होती. कार्डावर तिचं तिने ठेवलेलं नाव, तिचा हसरा फोटो. मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगाच डबे पुसले.

तिने बाहेरून विचारलं, "मावशी, हे भाषणात सांगू?"

"सांग," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग एका संध्याकाळी ती बॅग घेऊन आली.

डोळे सुजलेले होते. चपला तशाच घालून आत आली. तिच्या मामेभावाचं जालन्याला लग्न होतं. आई म्हणाली होती, एक दिवस शर्ट-पँट घाल, आजी म्हातारी आहे, तिला धक्का नको, नंतर मी सगळ्यांना नीट सांगेन. पोरीला ते सहन झालं नाही.

"तिचं सगळं बोलण्यापुरतं आहे मावशी. तुमच्यात कुणी असं सांगत नाही. मला तुमची चेली करून घ्या. मी इथेच राहते."

खरं सांगते, मला आधी फार गोड वाटलं. पोरीला जवळ घेतलं, पाणी दिलं, भात टाकला, बांगड्याचं कालवण केलं. ती जेवली. जेवताना मी तिच्याकडे बघत होते आणि मनात ती अंगणवाडीची बाई माझ्या दारात छत्री घेऊन उभी होती. या वेळी मागे कोणी नाही, एकटी. ती मला विनवतेय आणि मी म्हणतेय, आता ही आमची झाली. हे चित्र मी मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं. छान वाटत होतं.

मग पोरगी म्हणाली, "मला काही नको ती. असली आई असण्यापेक्षा नसलेली बरी."

माझ्या डोक्यात सणक गेली. हिला कोणी दिला हा हक्क? जे माझ्या हाताला कधी लागलं नाही, ते ही खरकट्यासारखं फेकून देतेय, आणि फेकतेय कुठे, तर माझ्याच दारात. मी ताट उचललं आणि म्हटलं, "हात धू. ऊठ. घरी चल."

"मी नाही जाणार."

"मी तुला चेली करून घेणार नाही. आज नाही, कधीच नाही. बॅग उचल."

पुढे वस्तीत बोलणं झालं की मी मोठ्या मनाची, आलेली पोर परत केली. त्यात मोठं मन बिन काही नव्हतं. मला ते बघवलं नाही, एवढंच.

आमच्या गल्लीपासून तिची बिल्डिंग जवळच आहे, कॉलनीच्या बागेशी. मी तिच्या दंडाला धरून चालले होते, लोक बघत होते. तिची आई खाली जिन्यावर बसलेली होती. एका पायात चप्पल, दुसरी बाजूला पडलेली. कुठेतरी निघाली असावी आणि कुठे जायचं ते सुचलं नसावं. आम्हाला बघून उठली. ओरडली नाही. आधी पोरीच्या हातातली बॅग घेतली, मग विचारलं, "जेवलीस?"

"हो. मावशीकडे."

बाईने माझ्याकडे बघितलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. ते काय होतं ते मी चांगलं ओळखते, मी त्यातच राहते. पोरीला माझ्या हातचं आवडलं, हे तिला आवडलं नव्हतं. मी घरी जाताना जरा ताठ चालले.

लग्नाला त्या दोघी गेल्या, पोरगी साडी नेसून गेली. आजीला धक्का बसला नाही, तिने साडीचा पदर चाचपून कापड चांगलं आहे म्हटलं. धक्का मामाला बसला. तो पंगतीतून उठून गेला आणि मग या दोघी संध्याकाळच्या गाडीने परत आल्या. बाईने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण भावाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

पुढच्या वर्षी पोरीचं ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालं. कंपनीच्या विम्यातून बराचसा खर्च निघाला. बाईने मला बरोबर यायला सांगितलं. "तुम्ही असलात की मला धीर येईल," म्हणाली. मला जायचं नव्हतं, आणि न जाणंही जमलं नसतं.

पोरीला आत नेण्याआधी डॉक्टर येऊन सगळं समजावून गेल्या. भूल कशी देणार, जाग कधी येणार, दुखलं तर कुठलं बटण दाबायचं. पोरगी घाबरली होती. तिच्या आईने तिच्या पायाचे तळवे चोळून दिले. मी भिंतीशी स्टुलावर बसून होते.

माझ्या वेळी डॉक्टर नव्हता. कायद्याला चोरून करायचं काम, त्यामुळे दाई बोलवायची. आमच्यात त्याला निर्वाण म्हणतात. पहाटेच्या आधी, दार बंद, आणि भूल नाही. मी ओरडले तेव्हा गुरूने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आई म्हणू नको. देवीचं नाव घे." मी देवीचं नाव घेतलं. पण देवीलाही आपण आईच म्हणतो. मी तिला हाक मारत होते की जासईच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला, ते गुरूला कळायचा काही मार्ग नव्हता. नंतर सव्वा महिना खोलीत. आरसा बघायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, पुरुषाचं तोंड बघायचं नाही. गुरू गुळाचा काळा चहा करून आणायची, चमच्याने पाजायची. तिने माझं खूप केलं. मी जगले ते तिच्यामुळे, आणि तिच्या दोन चेल्या त्याच खोलीत गेल्या, तेही खरं.

पोरीला बाहेर आणलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि ओठ हलवले.

"आई, पाणी."

"आहे ग. इथेच आहे." बाईने कापूस ओला करून तिच्या ओठांना लावला.

मी उठून बाहेर गेले. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, तिच्याशी उभी राहिले. खाली पार्किंग होतं, कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते बघत राहिले. माझ्या मनात तेव्हा त्या पोरीबद्दल काय काय आलं ते मी लिहिणार नाही. ती बरी व्हावी असंही त्यात होतं. पण ते तळाला होतं.

थोड्या वेळाने मागून आवाज आला. "ताई, ती तुम्हाला विचारतेय. केस मोकळे राहू देऊ की बांधू? म्हणते, मावशीला विचार, तिलाच माहीत."

"बांधा," मी म्हटलं. "दोन वेण्या घाला. नाहीतर पडून पडून गुंता होईल."

"मला नीट नाही येत हो. लहानपणी तिचे केस कापलेलेच होते."

हे तिने असं काही म्हटलं की मला वळावं लागलं. या बाईने अंगणवाडीत शेकडो पोरींच्या वेण्या घातल्या असतील. पण हिच्या वेणीची सगळी वर्षं निघून गेली होती, आणि ती परत येणार नव्हती. मी आत गेले आणि पोरीच्या केसांच्या दोन वेण्या घातल्या. बाई शेजारी उभी राहून बघत होती.

सव्वा महिन्याने मी त्यांच्या घरी हळद घेऊन गेले. आमच्या रीतीने हिरवी साडी, हळद, मेंदी, देवीपुढे दिवा. दारातच थांबून मी विचारलं, "चालेल ना? तुमच्यात ओटी वगैरे भरत नाहीत, मला माहितीये."

"ओटी नको," बाई म्हणाली. "हळद लावा. देवीचं तुम्ही म्हणा, आमची वंदना आम्ही म्हणू."

तसंच झालं. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लागली, बाजूला माझा दिवा. बिल्डिंगमधल्या चार-पाच बायका आल्या होत्या. एक जण नुसतीच दारात उभी राहून बघून गेली, पण बाकीच्यांनी हळद लावली. पोरगी आरशात बघून लाजली. एकीने विचारलं, "आता पुढचं काय, लग्न?" आणि सगळ्या हसल्या. माझ्या वेळी पहाटे खाडीवर जाऊन पाण्यात दूध सोडलं होतं, बरोबर गुरू आणि तीन चेल्या. त्याचंही मला तेव्हा किती अप्रूप वाटलं होतं. आता या हॉलमध्ये, पंख्याखाली, सोसायटीच्या बायकांमध्ये बसून ते सगळं फिकं वाटायला लागलं. माझी आठवणसुद्धा हिने लहान करून टाकली, असं मनात आलं.

तिच्या ऑफिसच्या कार्यक्रमालाही मी गेले. तिनेच गाडी पाठवली. एवढी थंडी असते त्या इमारतीत की मी पदर कानावरून घेतला. पोरगी माईकसमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. गावांवरचे हक्क, इंग्रजांचा कायदा, दार लावून साडी नेसणारी म्हातारी. मग मीच नंतर एका रविवारी सांगितलेली माझी खोली, माझी दाई, तोंडावरचा हात. एकदाही अडखळली नाही. माणसं डोळे पुसत होती. माझंच जगणं, पण तिच्या तोंडून ते जास्त चांगलं वाटत होतं. मी कधी असं सांगू शकले नसते. टाळ्या वाजल्या तेव्हा माझे हात जरा उशिरा जुळले.

नंतर चहाच्या टेबलाशी एक तरुण मुलगी माझ्याजवळ आली. फार गोड होती. "मॅम, तुम्ही पण ट्रान्सजेंडर आहात?"

"नाही बाळा," मी म्हटलं. "मी हिजडा."

ती गोंधळली. मग म्हणाली, "ओके," आणि बिस्किटाची प्लेट माझ्यापुढे केली. मी दोन घेतली.

याला आता वर्ष होत आलं. पोरगी रविवारी येते कधीमधी, नेहमी नाही. तिची आई मात्र येते. अंगणवाडी सुटली की दुपारची माझ्याकडे येते, छत्री कोपऱ्यात ठेवते आणि चटईवर आडवी होते. पहिल्यांदा मला कळेना, ही आजारी आहे की काय. म्हणाली, "इथे मला कुणी काही विचारत नाही हो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना उत्तरं देऊन देऊन तोंड दुखतं." आणि घोरायला लागली. मी पंखा तिच्याकडे वळवला.

परवा ती झोपली नाही. भिंतीला टेकून बसली. भाकऱ्या झाल्या होत्या, मी सुकट भाजत होते. शेवटी म्हणाली, "एक मुलगा आहे."

"कुठला?"

"तळवलीचा. तिच्याच ऑफिसात. तुमच्याच लोकांतला, आगरी. सगळं माहितीये त्याला. घरी आला होता. संध्याकाळभर दोघं गॅलरीत उभे. मी चहा दिला, तर तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"चांगला आहे?"

"चांगलाच आहे. तेच तर."

मी तवा खाली उतरवला. "माझ्याकडे दोन रविवार आली नाही, ते त्याच्यामुळे होय? मला म्हणाली ऑफिसचं काम आहे."

"मलाही तेच म्हणाली."

"दिसायला कसा आहे?"

बाईने थोडा विचार केला. "कान मोठे आहेत."

"असणारच," मी म्हटलं. "तळवलीच्या पोरांचे असतात." आणि दोघींनी मिळून त्या पोराला भरपूर नावं ठेवली, भाकरी गरम होती तोवर.